गेन फुल्ल!

गाडीत बसवायच्या अॅम्प्लिफायरच्या खोक्यांवर जेवढे वॅट छापलेले असतात तेवढे सगळे खरे धरले, तर महाराष्ट्राला भारनियमन कधी सोसावंच लागलं नसतं. कोयनेच्या पाणीसाठ्याकडे डोळे लावून बसण्याऐवजी सरकारनं नाना पेठेतल्या चार दुकानांत चौकशी केली असती तरी भागलं असतं. कुणाच्या खोक्यावर तीन हजार वॅट, कुणाच्या पाच हजार, आणि आकड्याभोवती लाल-पिवळ्या ज्वाळा. या ज्वाळा कशासाठी, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. पुढे एका वूफरची कॉइल जळाल्याचा वास नाकात गेला तेव्हा उलगडा झाला. कंपनी आधीच कल्पना देऊन ठेवते.

तेच यंत्र खोक्यातून काढून बाजूनं न्याहाळावं. कडेला दोन चिमुकले फ्यूज खोचलेले असतात, समजा २५-२५ अँपिअरचे. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतात. पन्नास गुणिले चौदा, सातशे. म्हणजे या यंत्राची भूक सातशे वॅटच्या फार पुढे गेली की फ्यूज उडणार. त्यातले निम्म्याहून थोडे अधिक स्पीकरपर्यंत पोचतात आणि बाकीच्यांवर डिक्की तापते. खोक्यावर तीन हजार, पोटात सातशे, पदरात चारशे. मंजूर रक्कम आणि गावात पोचलेली रक्कम यांतला फरक आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत, त्यामुळे याबद्दल कुणी तक्रार करत नाही. फ्यूज मात्र खोटं बोलत नाही. त्याला बोलताच येत नाही, म्हणून असेल.

डॅशबोर्डातल्या स्टिरिओचं प्रकरण याहून मजेदार आहे. त्याच्यावर '५० वॅट गुणिले ४' असं छापलेलं असतं, आणि गंमत म्हणजे हा आकडा निखालस खोटा नाही. १४.४ व्होल्टची अख्खी बॅटरी चार ओहमच्या स्पीकरवर एकदा सुलटी, एकदा उलटी, एकदा सुलटी, एकदा उलटी अशी लावत राहिलं तर गणितानं ५१.८ वॅट भरतात. फक्त त्यातून गाणं निघत नाही, भोंगा निघतो. सुराची लहर वळणदार असते, ही चौकोनी. वळणदार लहर काढायची तर त्याच बॅटरीतून जेमतेम २६ वॅट निघतात, तेही कागदावर. प्रत्यक्षात विसाच्या आसपास. शिवाय अशा दोनशे वॅटवाल्या बऱ्याच स्टिरिओंच्या पाठीला १० अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे हिशेबानं १४४ वॅट. आत १४४ जातात आणि बाहेर २०० येतात, हा चमत्कार भौतिकशास्त्रात बसत नाही, दुकानात बसतो.

या वॅटच्या गदारोळात बिचाऱ्या व्होल्टला कुणी विचारत नाही. माझी खरी तक्रार तिथं आहे.

स्टिरिओच्या पाठीमागे लाल-पांढऱ्या पिनांच्या जोड्या असतात. त्यांना आरसीए म्हणतात. ही अमेरिकेतल्या रेडिओ कॉर्पोरेशनची आद्याक्षरं. कंपनी १९८६ साली विकली गेली, पिन आजही घराघरात टिकून आहे. या पिनेतून अॅम्प्लिफायरकडे जो सिग्नल जातो त्याचा जोर स्वस्त स्टिरिओत २ व्होल्ट असतो, बऱ्यापैकी स्टिरिओत ४, आणि ज्यांना खिशाची काळजी नाही त्यांच्या स्टिरिओत ५. हा आकडा खोक्यावर असतोच, पण बारकोडच्या शेजारी, चष्मा काढून पुन्हा घातल्याशिवाय दिसणार नाही एवढ्या टायपात. ज्वाळा वॅटला, बारकोड व्होल्टला.

आता पलीकडच्या अॅम्प्लिफायरला समोरून किती जोराचा सिग्नल येणार हे जन्मतः ठाऊक नसतं. म्हणून त्याच्या अंगावर एक लहानशी खाच असलेली कळ दिलेली असते. ती स्क्रू ड्रायव्हरनं फिरवायची. नाव 'गेन'. तिच्या कडेनं आकडे असतात: डाव्या टोकाला ६ व्होल्ट, उजव्या टोकाला ०.२ व्होल्ट. उजवीकडे फिरवावं तसा आकडा घटत जातो. उजवीकडे फिरवलं की वाढतं, हे पंख्याच्या रेग्युलेटरपासून शिकत आलेल्या माणसाला इथं निदान संशय तरी यायला हवा. येत नाही, कारण तो आकडा वाचतच नाही. काही कंपन्यांनी तर आकड्यांचा नाद सोडून एका टोकाला 'मिन' आणि दुसऱ्या टोकाला 'मॅक्स' लिहिलं आहे. पैसे मोजून आणलेल्या वस्तूवर 'मॅक्स' लिहिलेलं असताना ती 'मिन'कडे ठेवून घरी जाईल असा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही. आपण हॉटेलात फुकटची बडीशेपसुद्धा मॅक्स घेतो.

गेन ही आवाजाची कळ नव्हे, कानाची कळ आहे. आमच्या नात्यातल्या एका आजोबांना कानाचं यंत्र होतं. सून हळू बोलायची, म्हणून ते सुनेच्या बेतानं लावलेलं. सून बोलली की सगळं स्वच्छ ऐकू यायचं. पण साताऱ्याहून त्यांचे धाकटे बंधू आले, ज्यांची कुजबूजदेखील बांधावरून मारलेल्या हाकेएवढी असे, की आजोबा खुर्चीतून उडत. बंधू काय म्हणाले ते त्यांना एकदाही कळलं नाही, ते फार मोठ्यानं म्हणाले एवढंच कळलं. आणि कुणीच बोलत नसलं तर पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची सळसळ, शेजारच्या कुकरची शिट्टी, सगळं कानात. यंत्र उत्तम होतं, आजोबाही उत्तम होते. बोलणारा बदलला की कळ बदलायची, एवढंच कुणी करत नव्हतं. २ व्होल्टचा स्टिरिओ म्हणजे सून आणि ५ व्होल्टचा म्हणजे साताऱ्याचे बंधू. सूनबाईंसाठी कळ उजवीकडे, बंधूंसाठी डावीकडे. एवढीच ही विद्या.

फिटरला हे ठाऊक नसतं असं मात्र समजू नका. फिटर हुशार असतो. त्याला गाडीतली विद्या येतेच, शिवाय गिऱ्हाइकाची येते.

माझ्या भाच्यानं जुनी पण बरी हॅचबॅक घेतली आणि तिच्यात सिस्टीम बसवायला निघाला, तेव्हा मामा म्हणून मला बरोबर नेलं. मामानं पैसे द्यायचे असतात असा त्याचा समज असावा. दुकानात फिटर डिक्कीत अर्धा आत, अर्धा बाहेर. दातांत वायरचं साल, कानावर पेन्सिल, एका हातात टेप. सगळं जोडून झाल्यावर त्यानं स्क्रू ड्रायव्हर गेनच्या खाचेत घातला आणि उजवीकडे फिरवत नेला. टोकाला लागल्यावरही आणखी थोडा जोर देऊन पाहिला. कंपनीनं पुढे काही दडवून ठेवलं असलं तर तेही निघावं. मग पुढे येऊन गाणं लावलं.

"दादा, पॉवर बघा!" तो ओरडला. ओरडावंच लागत होतं. "आत्ता फक्त नऊवर आहे, नऊवर! पस्तीसपर्यंत आकडे आहेत!"

भाच्याचे डोळे लकाकले. मागचा आरसा थरथरत होता, त्यात दिसणारी नाना पेठ थरथरत होती. नऊवर ही तऱ्हा, तर पस्तीसवर काय होईल! हाच प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनात उभा करायचा असतो. आणि त्याचं खरं उत्तर असं, की पस्तीसवर काहीच होणार नाही, जे व्हायचं ते नऊवर होऊन गेलेलं आहे. स्टिरिओ ४ व्होल्टचा आणि गेन ०.२ वर, म्हणजे स्टिरिओनं आपल्या ताकदीचा विसावा भाग पाठवला की अॅम्प्लिफायरची दमछाक. वरचे सव्वीस आकडे फक्त गाणं फाडायला. पण दुकानात कुणी आकडे पुढे नेऊन बघत नाही. "नऊवर एवढा वाजतो" याच वाक्यावर व्यवहार होतो, आणि घरी जाऊन भाचा आपल्या मित्रांना तेच वाक्य ऐकवतो. त्याच्या मित्राच्या गाडीत तोच आवाज अठरावर यायचा. तेवढ्यावरून मित्राची सिस्टीम निम्मी ठरली.

"उस्ताद, गेन जरा कमी नको का?" मी विचारलं.

फिटरनं माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "काका, कमी करतो की. पण मग हेच परत येणार, म्हणणार आवाज कमी झाला. अन् शेठ मला बोलणार."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेठ गल्ल्यावर बसून मान डोलावत होते. ती गाण्यावर होती की बिलावर, ते सांगता येत नाही.

गाणं फाटतं म्हणजे नेमकं काय होतं? अॅम्प्लिफायरच्या आत विजेची एक कमाल पातळी असते, तिच्यावर लहर चढूच शकत नाही. सिग्नल फार मोठा करून मागितला की लहरीचा माथा त्या पातळीवर सपाट कापला जातो. वरून कापला, खालून कापला, उरला चौकोन. पुन्हा तोच भोंगा. चौकोनी लहरीत त्याच उंचीच्या वळणदार लहरीच्या दुप्पट शक्ती असते. म्हणजे शंभर वॅटचं यंत्र फाडून वाजवलं की स्पीकरच्या अंगावर दोनशेपर्यंत जातात. स्पीकरची कॉइल बारीक तांब्याच्या तारेची. ती आधी तापते, मग तिचा लाखेचा थर वितळतो, मग गाडीत तो वास येतो, ज्याबद्दल भाचा म्हणतो, "मामा, क्लच जळतोय वाटतं." क्लच ठीक असतो. क्लच मॅक्सवर लावलेला नसतो.

एवढ्यानं भागत नाही म्हणून गेनच्या शेजारी 'बेस बूस्ट' नावाची आणखी एक कळ असते. तिच्यावर शून्य ते १२ डेसिबल. बारा हा आकडा दिसायला किरकोळ, पण डेसिबलच्या भाषेत १२ म्हणजे सोळापट शक्ती. ढोलाचा एक ठोका शांतपणे २० वॅट मागत असेल तर आता तोच ३२० मागतो, आणि घरात आहेत शंभर. वर स्टिरिओत इक्वलायझर असतो. तरुण मुलांच्या इक्वलायझरवर दोन्ही टोकं आभाळाला आणि मधे दरी. त्या दरीत गायक राहतो. त्याचं बरंवाईट कुणी विचारत नाही.

वूफर जळाला की दुकानात परत. शेठ तो हातात घेऊन कागदाचा कोन दाबून बघतात, खरखर आवाज येतो, मान हलवतात. "माल हलका निघाला. यापेक्षा मोठा घ्या, बारा इंची." मोठा घेतला जातो. गेन जिथल्या तिथं.

याच खात्यात एक लोकप्रिय तक्रार आहे: शिट्टी. गाडी सुरू केली की स्पीकरमधून बारीक 'ईंऽऽ' येतं, आणि अॅक्सिलरेटर दाबला की ते चढत जातं. इंजिन गातं आणि स्पीकर साथ करतो. हा उपद्रव गाडीच्या अल्टरनेटरकडून येतो. स्टिरिओचं अर्थिंग एकीकडे, अॅम्प्लिफायरचं दुसरीकडे, त्यांच्यात थोडा फरक राहिला की तो फरक गाण्यात मिसळतो. उपाय साधे आहेत. बॅटरीची जाड वायर गाडीच्या एका बाजूनं न्यावी, आरसीए दुसऱ्या बाजूनं. अर्थिंगची वायर आखूड असावी आणि ती रंगावर न कसता रंग खरवडून उघड्या पत्र्यावर कसावी. पण पत्रा खरवडायला मालक तयार नसतो, त्याला गाडी विकताना भाव हवा असतो, आणि दोन बाजूंनी वायरी न्यायला फिटर तयार नसतो, कारण दुसऱ्या बाजूचं कार्पेट उचलायचं मजुरीत धरलेलं नसतं. मग शेठ एक डबी आणतात. तिला नॉइज फिल्टर म्हणतात. ती लावली की शिट्टी थोडी कमी होते, गाणंही थोडं कमी होतं, आणि बिल थोडं वाढतं.

गेन टोकाला असला की ही शिट्टीही टोकाला जाते, हे मात्र कुणी सांगत नाही. वाटेत मिसळलेला कचरा स्टिरिओचा आहे की अल्टरनेटरचा, हे अॅम्प्लिफायर विचारत बसत नाही, आलं ते मोठं करतो. म्हणून सिग्नल घरून निघतानाच दणकट निघावा आणि अॅम्प्लिफायरनं त्याला कमीत कमी फुगवावं. ४ व्होल्टवाला स्टिरिओ २ व्होल्टवाल्यापेक्षा महाग असतो तो याचसाठी. त्यानं आवाज वाढत नाही. शांतता वाढते. आता शांतता वाढवायला जास्त पैसे मागणारा माल आपल्याकडे कोण घेणार?

रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी मात्र याच शांततेवर जन्म काढला. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. इथून गेल्यावर १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. टेप वाजवताना गाण्याच्या मागे जी खसखस ऐकू येते ती घालवायची, हा त्यांचा ध्यास. युक्ती अशी: ध्वनिमुद्रण करतानाच हळू सूर उचलून मोठे करायचे, म्हणजे ते खसखशीच्या वर राहतात, आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे, म्हणजे सूर जागेवर येतो आणि खसखस आणखी खाली जाते. सिग्नल निघतानाच दणकट हवा, हेच ते. आणि त्या सभ्य माणसाचं नाव आपण सांगली-कोल्हापूरकडे ट्रॅक्टरवर रचलेल्या कोणत्या भिंतीला दिलं, हे कुणाला सांगायला नको. ते भारतात दोन वर्षं राहिले, आणखी राहिले असते तर त्यांनी दुसरा धंदा पाहिला असता.

ज्यांना कंपनीचा स्टिरिओ काढायचा नसतो त्यांची कथा वेगळी. नव्या गाड्यांत स्टिरिओ, कॅमेरा, घड्याळ, एसीचे आकडे सगळे एकाच पडद्यात कोंबलेले. तो काढला तर गाडी मुकी आणि आंधळी दोन्ही होते. शिवाय वॉरंटी. नव्या गाडीचा मालक बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या माणसासारखा फिटरच्या मागे घिरट्या घालतो: "वायर कापायची नाही हं, कपलर टू कपलर करा." या स्टिरिओला आरसीए पिना नसतातच, सिग्नल थेट स्पीकरच्या वायरींतून घ्यावा लागतो, आणि तिथं जोर ७-८ व्होल्टचा. सून नाही, बंधू नाही, अख्खं वऱ्हाड. ते झेपेल असं वेगळं तोंड काही अॅम्प्लिफायरना असतं. नसेल तर मधे हाय-लो कन्व्हर्टर नावाची डबी लावतात, जी हा जोर दोन-चार व्होल्टपर्यंत उतरवते.

इथं एक खाचखळगा आहे. स्पीकरच्या दोन वायरींपैकी काळ्या पट्ट्याची वायर म्हणजे अर्थिंग, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. गाडीच्या स्टिरिओत दोन्ही वायरी बॅटरीच्या साधारण निम्म्या व्होल्टवर उभ्या असतात, आणि दोन्हींमध्ये जीव असतो. त्यातली एक बॉडीला टेकवली की स्टिरिओ एकतर गप्प बसतो किंवा कायमचा गप्प बसतो. मग कपलर टू कपलरचा काही उपयोग नाही.

आणि त्या हाय-लोच्या डबीवरही दोन खाचा असतात. हो, उजवीकडे फिरणाऱ्याच. शिवाय कंपनीचे बरेच स्टिरिओ आवाज वाढवत नेला की आपले इवलेसे स्पीकर वाचवण्यासाठी बेस गुपचूप कमी करतात. मालक म्हणतो, "उस्ताद, मोठ्यानं लावलं की बेस जातो." उस्ताद बेस बूस्ट वाढवतो. मग हळू लावलं की नुसता बेस राहतो. ब्लूटूथनं फोन जोडलेला असतो, त्याची आवाजाची कळ आणखी निराळी. फोन अर्ध्यावर, स्टिरिओ तिसावर, डबी टोकाला, गेन टोकाला, बूस्ट टोकाला. एवढ्या सगळ्यांनी आपापल्या परीनं हातभार लावल्यावर गाणं कोणाचं उरतं? आणि या अवस्थेत गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या शांततेत नकाशावाली बाई फोनमधून म्हणते, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." तिचा आवाज कुणी जुळवलेला नसतो. सांगितलेल्या जागेच्या बरंच आधी, दचकून, सगळी गाडी डावीकडे वळते.

जुळवायची रीत अवघड नाही. सगळे बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर ठेवायचे. अॅम्प्लिफायरपासून स्पीकरच्या वायरी सोडवायच्या. स्टिरिओचा आवाज तीनचतुर्थांशावर, म्हणजे पस्तिसातल्या सव्वीसवर. आता एकसुरी चाचणीचा आवाज वाजवायचा: वूफरसाठी ५० हर्ट्झ, बाकीच्या स्पीकरसाठी १००० हर्ट्झ. वूफरचा सूर ५० हर्ट्झचा आहे हे एक बरं, कारण घरच्या विजेचीही वारंवारता तीच, आणि साधा स्वस्त मीटर तिच्याच मापानं बनवलेला असतो. स्पीकरच्या जागी मीटर लावायचा, एसी व्होल्टवर. किती व्होल्ट यायला हवेत? हवे असलेले वॅट गुणिले स्पीकरचे ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. २५० वॅट आणि ४ ओहम, हजार, वर्गमूळ ३१.६. गेन अगदी डावीकडून हळूहळू फिरवत न्यायचा आणि मीटरवर ३१.६ आले की हात काढून घ्यायचा. यात वॅट खरे धरायचे, खोक्यावरचे नव्हेत, हे फ्यूज बघून ठरवता येतं.

भाच्याला हे पटवायला मला वॅटचा हिशेब नव्हे, वूफर जळण्याची भीती उपयोगी पडली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही डिक्की उघडून, मीटरच्या सुया लावून बसलो. स्पीकर सोडवलेले, त्यामुळे आवाज काही नाही. दोन माणसं डिक्कीसमोर वाकून गुपचूप एका आकड्याकडे टक लावून बघताहेत, हे दृश्य सोसायटीला सहन होण्यासारखं नव्हतं. सचिव आले, वॉचमन आला, वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. सिस्टीम वाजते तेव्हा यांतलं कुणी खाली येत नाही, खिडक्या लावून घेतात.

"काय बिघडलंय?" सचिवांनी विचारलं.

"काही नाही, आवाज जुळवतोय."

"आवाज तर येत नाहीये."

"म्हणूनच जुळतोय."

गेनची खाच घड्याळात साडेनऊला तास काटा असतो तिथं येऊन थांबली. टोकापासून किती दूर! भाचा त्या मोकळ्या राहिलेल्या जागेकडे, बापानं विकलेल्या शेताकडे बघावं तसं बघत होता. स्पीकर जोडले, गाणं लावलं, नऊवर.

"मामा, गेला की आवाज!"

"नऊवर गेला. पंचवीस कर."

पंचवीसवर काचा थरथरल्या, पण गाणं फाटलं नाही. मग मी त्याला एक साधं तबल्याचं वादन लावायला सांगितलं. डग्ग्यावर तळहात दाबून पुढे सरकवला की घुमारा कसा वळत वर जातो, ते वळण त्या गाडीत पहिल्यांदा ऐकू आलं. तोवर डग्गा म्हणजे नुसतं 'धुप्प' होतं. भाच्याचा चेहरा खरंच बदलला. तेवढ्यात त्याचा मित्र आला. अठरावाला. मागच्या सीटवर बसला, आकडा बघितला, आवाज ऐकला आणि म्हणाला, "चांगलंय रे, पण पॉवर कमी वाटते. पंचवीस लागतायत."

पुढच्या आठवड्यात मी डिक्कीत सामान ठेवताना पाहिलं. खाच साडेनऊवर नव्हती. ती पाचाच्याही पुढे, कंपनीनं जिथं भिंत घातली आहे तिथं टेकलेली होती, आणि खाचेची एक कड स्क्रू ड्रायव्हरनं घसटून गेलेली.

मित्राच्या मनातल्या 'दुप्पट पॉवर'चा हिशेबही या निमित्तानं सांगून टाकतो. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलनं. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. शंभरवरून दोनशेवर जाण्यासाठी जे पैसे जातात त्यांतून मिळतं ते 'जरा जास्त'. आणि २ ऐवजी ४ व्होल्टचा स्टिरिओ घेतला की तेवढ्याच पैशांत शिट्टीच्या तुलनेत गाणं ६ डेसिबलनं वर येतं. पण 'माझ्या गाडीत शिट्टी कमी आहे' असं सांगून आजवर कुणाची मैत्री जमलेली नाही, लग्न तर नाहीच.

कायद्याचंही सांगायला हवं. ध्वनिप्रदूषणाच्या सन २००० च्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. आमच्या सोसायटीत ती बाराला सुरू होते, भाचा परत आल्यावर. गाडी फाटकातून आत येते, तिच्या आधी तिचा बेस येतो, त्याच्याही आधी मागच्या नंबरप्लेटची खडखड. ही नंबरप्लेट दोन स्क्रूंवर असते, ते कसले की खडखड जाते. पण स्क्रू कसायचे तर ते उजवीकडे टोकापर्यंत फिरवावे लागतात, आणि नेमकं इथंच कुणी फिरवत नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या गाडीत असं यंत्र आहे त्यांनी येत्या रविवारी एवढं करावं. डिक्की उघडावी, गेनच्या खाचेजवळचे आकडे चष्मा लावून वाचावेत, आणि स्टिरिओच्या पुस्तिकेत त्याचे व्होल्ट शोधावेत. पुस्तिका गाडीच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली असते. मीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांना मिळतो. ७५ वॅट आणि ४ ओहमसाठी १७.३ व्होल्ट, ३०० वॅट आणि २ ओहमसाठी २४.५. हे आकडे चिठ्ठीवर लिहून फिटरला द्या. तो करून देईल, त्याला येतं. फक्त नंतर "आवाज कमी झाला" म्हणून त्याच्याकडे परत जाऊ नका.